निफल कीं निफाल?



इब्री क्रियापदाच्या एका रूपाचें नांव 'निफल' लिहावें कीं 'निफाल', हा प्रश्न या रकान्यांत पाहून पुष्कळांस हंसूं येईल. कापसाला भाव नाहीं, विहिरीनें तळ गांठला आहे, आणि पाळकसाहेब काना-मात्रा मोजीत बसले आहेत, असें कोणी म्हटल्यास त्यास मी दोष देणार नाहीं. तथापि याच काना-मात्रांच्या पायीं माझ्या हातून एका वृद्ध बंधूचा अपमान घडला आहे; आणि नांवाचा व वस्तूचा संबंध काय, दुसऱ्याच्या लेखनाचा न्याय आपण कोणत्या मापानें करावा, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

घडलें तें असें. पांच वर्षांपूर्वीं, नांगरट आटोपून मृगाची वाट पाहण्याच्या दिवसांत, आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत सेवा करणाऱ्या बंधूंचा आठ दिवसांचा अभ्यासवर्ग भरला होता. जुन्या करारांतील क्रियापदांची तोंडओळख करून देण्याचें काम मजकडे होतें. वणीकडील एका खेड्यांतून आलेले, साठी उलटलेले एक उपदेशक त्या वर्गांत होते. त्यांस सर्वजण काकाजी म्हणत. मीहि तेंच म्हणतों. यवतमाळ शहरांत १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती पुढें पुण्यास गेली. तिच्या काळचीं कांहीं टिपणें काकाजींना कोणाच्या तरी माळ्यावर सांपडलीं होतीं. शिवाय एक इंग्रजी व्याकरण त्यांच्यापाशीं होतें, आणि तिसरें माझें फळ्यावरील लिखाण. या तिहींतून त्यांनीं जसें सांपडलें तसें उतरून घेतलें. त्यामुळें एकाच वहींत 'निफल', 'निफाल' आणि 'निफअल' असे तीन प्रकार. 'पिएल' आणि 'पियेल'. 'हितपएल' आणि 'हिथपाएल'. आणि 'कल' याच्या जागीं चक्क 'काल'. मीं लाल शाईनें चौदा जागीं रेघा ओढल्या, आणि एवढ्यावर न थांबतां वही वर्गांत वाचून दाखविली. "काकाजी, काल म्हणजे तर कालचा दिवस, आणि हा पियेल म्हणजे काय पियेल?" असें मी बोललों. वर्ग हंसला. काकाजींनीं वही मिटून पिशवींत ठेविली व शांतपणें म्हणाले, "साहेब, राशनकारडावर माह्यं नांव येक हाय, सातबाऱ्यावर दुसरं, अन् बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरं. पण पऱ्हाटी पेरणारा तं मी एकटाच हाव ना."

त्या रात्रीं ती वही मागून घेऊन मीं पुन्हां वाचली. प्रत्येक नांवापुढें त्यांनीं त्या रूपाचा अर्थ लिहिला होता. माझ्या चौदा रेघांच्या जागीं अर्थाची चूक एकहि नव्हती.

आतां हीं नांवें काय आहेत तें थोडक्यांत सांगतों. इब्री क्रियापदाचा धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्याच्या पुढें एखादें अक्षर जोडून, मधलें व्यंजन द्वित्त करून, किंवा स्वर पालटून त्याचीं निरनिराळीं रूपें होतात. मराठींत 'मरणें', 'मारणें' व 'मारविणें' हीं जशीं एका धातूचीं अपत्यें, तसाच हा प्रकार. मात्र इब्रींत त्याची व्यवस्था अधिक आंखीव आहे. मुख्य रूपें सात मानितात. पहिल्यास 'कल' म्हणजे हलकें असें म्हणतात, कारण त्यावर कांहीं ओझें चढविलेलें नसतें. उरलेल्या सहांचीं नांवें 'पाअल', म्हणजे करणें, या एकाच धातूपासून बनविलेलीं आहेत. तो धातु त्या त्या रूपांत चालविला म्हणजे जो शब्द होतो तोच त्या रूपाचें नांव. अशीं निफल, पिएल, पुअल, हिफिल, होफल आणि हिथपएल हीं नांवें झालीं. ही युक्ति मध्ययुगांतील यहूदी वैयाकरणांनीं अरबी व्याकरणावरून घेतली. तीन व्यंजनांच्या धातूचा नियम दहाव्या शतकांत कॉर्डोव्हा शहरीं यहूदा हय्यूज यानें मांडला. त्या काळीं पुष्कळ यहूदी विद्वान् अरबी भाषेंत व्याकरण लिहीत.

येथें एक मौज आहे. पिएल रूपाची खूण अशी कीं, त्यांत धातूचें मधलें व्यंजन द्वित्त होतें. परंतु 'पाअल' या धातूचें मधलें अक्षर 'आयिन' हें कंठांतलें असून त्याचें द्वित्त होत नाहीं. म्हणजे पिएल या नांवांत पिएलची खूणच दिसत नाहीं! ज्या विद्वानांनीं नांव ठेविलें त्यांनाहि तें वस्तूचा पुरता नमुना करितां आलें नाहीं. म्हणून पुढील काळच्या पुष्कळ पुस्तकांनीं नांवें तींच ठेवून उदाहरणासाठीं मात्र दुसरेच धातु घेतले. नांवाचा अभिमान बाळगणाऱ्यानें ही गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी.

मग लेखनांत फरक कां पडतो? युरोपीय ग्रंथकारांनीं हीं नांवें रोमन लिपींत उतरितांना कोणी अक्षराला अक्षर जुळविलें, कोणी आपल्या कानाला जें ऐकूं आलें तें लिहिलें. 'कल' हें कोणी 'के' नें लिहितो, कोणी 'क्यू' नें. निफल यांतील 'फ' कोणी 'पी' व 'एच्' मिळून लिहितो, कोणी 'एफ्' नें. हिथपएल यांत कोणी 'टी' पुढें 'एच्' घालितो, कोणी घालीत नाहीं. आणि आमचा मराठी विद्यार्थी तें 'एच्' पाहून भक्तिभावानें 'थ' काढितो. 'वाव' या अक्षराचें नांव एक 'डब्ल्यू' नें लिहितो, दुसरा 'व्ही' नें, आणि त्यावर विद्वानांचीं तोंडें दोन दिशांस असतात. आमच्या देवनागरीच्या 'व' नें हा शेवटचा तंटा जन्मतःच मिटविला आहे, व 'फ' नेंहि बहुतेक मिटविला आहे. मराठी वाचकाला त्याची दादहि लागत नाहीं. यावरून कोणी म्हणेल कीं सगळीच भांडणें अशीं पोकळ आहेत. सब घोडे बारा टक्के, लिहा कसेंहि.

परंतु तसें नाहीं. 'के' आणि 'क्यू' यांचा भेद देवनागरींत नाहींसा होतो, तो मात्र पोकळ भेद नव्हे. इब्रींत 'काफ' व 'कोफ' हीं दोन वेगळीं अक्षरें आहेत. एकानें लिहिलेला 'कोल' म्हणजे सर्व. दुसऱ्यानें लिहिलेला 'कोल' म्हणजे वाणी. आपल्या शेजारीं उर्दू जाणणारीं मुसलमान कुटुंबें आहेत, त्यांस विचारा: अरबींतून आलेला नुक्ताचा 'क़ल्ब' म्हणजे हृदय, आणि बिननुक्ताचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा. तेथें कोणी म्हणेल कीं अक्षर कसेंहि चालेल, तर हृदयाच्या जागीं कुत्रा येऊन बसेल. तसेंच 'आयिन' अक्षराचें. शमुवेलाला ज्यानें वाढविलें त्या याजकाचें नांव आपल्या मराठी शास्त्रांत 'एली' आहे. आणि वधस्तंभावरून प्रभूनें मारलेली हांक मत्तयाच्या शुभवर्तमानांत 'एली' अशीच आहे. मराठी डोळ्याला दोन्ही एक. इब्रींत पहिलें 'आयिन' नें आरंभ होतें व दुसरें 'आलेफ' नें. पहिलें एका माणसाचें नांव, दुसऱ्याचा अर्थ माझ्या देवा. जवळ उभे असलेल्यांनींहि ती हांक चुकीची ऐकली व तो एलीयाला बोलावितो असें म्हटलें, हें आपण जाणतां. आणि एवढी पवित्र हांकसुद्धां मत्तय 'एली' लिहितो तर मार्क 'एलोई' लिहितो. मंडळीनें दोन्ही ठेविलीं. एकाच्या लेखनावरून दुसऱ्यास खोटा ठरवावें असें तिला वाटलें नाहीं. आणि दोन्ही खोडून एखादा तिसराच सोईचा शब्द घालावा असेंहि वाटलें नाहीं.

ही अडचण आपल्या महाराष्ट्राला नवी नाहीं. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, आणि तीनच वर्षांनीं, १८३२ सालीं, त्यांनीं इब्री व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत छापून प्रसिद्ध केलीं. तें पुस्तक कोंकणांतील बेने इस्राएल लोकांकरितां होतें. शब्बाथाच्या दिवशीं घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक गांवोगांव शनवार तेली या नांवानें ओळखले जात. इब्री ग्रंथांशीं त्यांचा परिचय तुटला होता, पण शब्बाथ, सुंता व शमा ही प्रार्थना त्यांनीं टिकविली होती. आणि त्यांचीं नांवें पाहा. मुंबईंत १७९६ सालीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर ज्यांनीं बांधिलें त्या शमुवेल यहेज्केल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. शमुवेलाचा सामाजी आणि यहेज्केलाचा हसाजी! लाल शाईचा धनी तेथें असता तर त्यानें मंदिराच्या पायाच्या दगडावरहि रेघ ओढली असती. त्याच समाजांत पुढें जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांच्यासारखे इब्रीचे मोठे जाणकार निपजले व त्यांनीं यहूदी प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले. नांव मराठी तोंडांत पडून झिजलें, म्हणून तें ज्या शास्त्रांतून आलें तें शास्त्र त्यांच्यापासून गेलें नाहीं. उलट त्या झिजलेल्या नांवांचा धागा धरूनच ते पुन्हां मूळ अक्षरांपर्यंत पोंचले.

आणि दूर कशाला जावें? आपल्या जिल्ह्याचें नांव इंग्रजी दप्तरांत पूर्वीं 'येवतमाल' म्हणून वाचतां येईल असें लिहीत. त्यापूर्वीं, १९०५ पर्यंत, जिल्ह्याचें नांव वणीवरून होतें, आणि तें साहेबलोक 'वुन' असें लिहीत. यवतमाळ तेव्हांहि होतें तेथेंच होतें. आपल्या मराठीचें लेखनहि १९६२ च्या नियमांनीं पालटलें व न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. प्रस्तुत लेखकाचा हात आजोबांच्या शास्त्राच्या प्रतीवरून वळलेला असल्यामुळें तो जुनेंच लिहितो. संपादकमहाशय तें चालवून घेतात, हे त्यांचे उपकार. माझीं मुलें मात्र घरीं माझ्या पत्रांतले अनुस्वार पाहून हंसतात. दुसऱ्याचें लेखन पाहून हंसण्याचा हक्क मला कितपत पोंचतो, हें त्यावरून मला कळावयास पाहिजे होतें.

शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांतील गोष्ट या संबंधानें फार भयंकर आहे. गिलादी लोकांनीं यार्देनेचे उतार अडविले, आणि येणाऱ्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास लाविलें. या शब्दाचा अर्थ काय? कणीस, किंवा पाण्याचा ओघ. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघालें तो एफ्राइमी ठरला व तेथेंच मारला गेला. बेचाळीस हजार पडले, असा लेख आहे. दोन्ही बाजूंचे लोक एकाच याकोबाचे वंशज, दोघांच्या शेतांत कणीस तेंच. परंतु एका अक्षरावरून जीव गेला. आपल्या वऱ्हाडी माणसाच्या तोंडीं 'पाणी' याचें 'पानी' होतें आणि 'डोळा' याचा 'डोया'. तो पुण्यामुंबईस गेला म्हणजे त्याला उतारावर उभें करून 'ळ' म्हणावयास लावणारे गिलादी आजहि भेटतात. त्याला कोणी मारीत नाहींत हें खरें. तो पुढच्या वेळीं बोलत नाहीं, एवढेंच. काकाजींनीं वही पिशवींत ठेविली तेव्हां उतारावर कोण उभा होता, हें मला त्या रात्रीं स्पष्ट दिसलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्गापूर्वीं मी त्यांच्यापाशीं गेलों व क्षमा मागितली. जें सर्वांदेखत बोललों होतों तें सर्वांदेखत परतहि घेतलें. तेव्हां त्यांनीं तीन नांवांची पुढील हकीकत सांगितली, आणि ती ऐकून माझा विचार आणखी एकदां पालटला. एका वर्षीं त्यांच्या पिकाच्या विम्याचे पैसे आले होते. परंतु आधारकार्डावर नांव ह्रस्व, बँकेच्या पुस्तकांत दीर्घ, आणि सातबाऱ्यावर बापाच्या नांवाचें शेवटचें अक्षर गळालेलें. म्हणून एका कचेरींत त्यांना सांगण्यांत आलें कीं हा मनुष्य तुम्हींच कशावरून? ज्यानें विचारिलें तो त्यांना दहा वर्षें ओळखत होता. खेटे घालतां घालतां पेरणी निघून गेली. पुरावा म्हणून बाप्तिस्म्याची नोंद काढिली, तर तींत तिसराच प्रकार. आणि ती एका पाळकाच्याच हातची होती.

म्हणजे पाहा, काकाजींना "नांव कसेंहि लिहिलें तरी चालतें" असें म्हणावयाचें नव्हतें. न चालण्याचें दुःख त्यांच्याइतकें वर्गांत कोणी भोगिलें नव्हतें. त्यांच्या दुःखाला दोन हात लागले होते. लिहिणाऱ्यांनीं निष्काळजीपणें लिहिलें, कारण समोरचा शेतकरी, त्याच्या ह्रस्व-दीर्घाची पर्वा कोणाला? आणि वाचणारानें मात्र काटेकोरपणें वाचिलें, कारण कागद समोर असतां चेहऱ्याकडे पाहण्याची गरज काय? आपला बहुतेकांचा व्यवहार असाच उलटा आहे: आपण लिहितांना सैल, आणि दुसऱ्याचें वाचतांना कडक. माझें तरी तसेंच होतें. काकाजींच्या वहींत तीन प्रकार आले, त्यांपैकीं दोन तर माझ्याच फळ्यावरचे होते. मीं सोमवारीं 'निफअल' लिहिलें व बुधवारीं 'निफल', आणि गुरुवारीं रेघा ओढल्या त्यांच्या वहींत. शिक्षकानें एक लेखन धरून चालावें, तें लेखन सत्य आहे म्हणून नव्हे, तर शिकणाराची वाट चुकूं नये म्हणून. आणि दुसऱ्यानें दुसरें धरिलें असेल तर त्यांत अर्थ शोधावा. 'कोफ' व 'काफ' यांचा भेद मात्र मी सोडणार नाहीं; तो माझ्या लिपीचा भेद नव्हे, मूळ ग्रंथाचा आहे. अलीकडे मी 'क़ल' असा नुक्ता देतों. मराठी छपाईंत तो विचित्र दिसतो, पण दिसूं द्यावा.

वर्गाच्या शेवटल्या दिवशीं मीं अनुवादाच्या चौथ्या अध्यायाचें दहावें वचन घेतलें. त्यांत एकच शब्द दोनदां येतो: योद, लामेद, मेम, दालेथ, वाव, नून, सहा अक्षरें तींच, क्रमहि तोच. स्वरांचीं चिन्हें काढून टाकिलीं तर त्या दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाहीं, आणि यहूद्यांच्या सभास्थानांतील नियमशास्त्राच्या गुंडाळींत तीं चिन्हें आजहि लिहीत नाहींत. परंतु वाचतांना पहिला शब्द 'यिल्मेदून' असा कल रूपांत वाचावयाचा, अर्थ ते शिकतील; आणि दुसरा 'येलम्मेदून' असा पिएल रूपांत, अर्थ ते शिकवितील. इब्री धातु एकच, 'लामद'. आपल्या मराठींतहि 'शिकणें' व 'शिकविणें' एकाच धातूचें. आमच्या व्याकरणाच्या नांवांत वस्तु एक व लेखनें तीन, आणि येथें लेखन एक व वस्तु दोन! मीं तीं सहा अक्षरें दोनदां फळ्यावर लिहिलीं, स्वरचिन्हें दिलीं नाहींत, आणि विचारिलें कीं कोणता कल व कोणता पिएल? ज्याच्या वहींत माझी एकहि लाल रेघ नव्हती तो तरुण उभा राहिला व गप्प झाला. त्याचा दोष नाहीं. अक्षरांत उत्तर नव्हतेंच.

काकाजी म्हणाले, "साहेब, दोन्हीच्या मांगंपुढं काय हाय तें सांगा." मीं सांगितलें कीं पहिल्यापुढें देवाचें भय धरणें आहे, आणि दुसऱ्याच्या अगोदर त्यांचीं लेंकरें आहेत. ते म्हणाले, "मंग लेंकराजवळचा तो शिकवण्याचा. लेंकरं शिकत नाहीत, त्यायले शिकवा लागते." वर्ग पुन्हां हंसला, पण या वेळचें हंसणें निराळें होतें, आणि काकाजी स्वतःहि त्यांत होते.

तेव्हांपासून दर उन्हाळ्यांत हा वर्ग भरतो व काकाजी येतात. गेल्या महिन्यांत त्यांचें एक पोस्टकार्ड आलें. अब्राहामाला दिलेलें वचन उत्पत्तीच्या बाराव्या, अठराव्या व अठ्ठाविसाव्या अध्यायांत निफल रूपांत आहे, आणि तेंच बाविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत हिथपएल रूपांत आहे, हें मीं मागें वर्गांत सांगितलें होतें. निफल घेतल्यास पृथ्वीवरील कुळें आशीर्वाद पावतील असा अर्थ होऊं शकतो; हिथपएल घेतल्यास तीं आपणांस त्याच्या नांवें आशीर्वाद घेतील असा. येथें रूपाचा फरक खरा आहे, आणि आशीर्वाद वरून पडतो कीं तो हात पुढें करून घ्यावा लागतो, हा मोठा प्रश्न त्याला लागून आहे. जाणत्या भाषांतरकारांचेंहि त्यावर एकमत नाहीं. काकाजी विचारतात कीं वचन एक असतां देवानें दोन रूपें कां वापरिलीं, आणि दोन्ही खरीं मानिलीं तर आपल्या गांवच्या बाकीच्या कुळांविषयीं आपण काय समजावें? कार्डावर त्यांनीं एका ओळींत 'निफाल' लिहिलें आहे व खालच्या ओळींत 'निफल'. तें कार्ड माझ्या टेबलावर आहे. दोन वेळां उत्तर लिहावयास घेतलें व दोन्ही वेळां फाडून टाकिलें. मृग लागण्यापूर्वीं तें गेलें पाहिजे, नाहींतर काकाजी पऱ्हाटी टाकून स्वतःच येतील.